चकचकीत, झळाळी की नुसती तकाकी? उजाळ्याला वस्तू देण्याआधी हे वाचा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी, समया, चांदीची उपकरणी, देवघरातले टाक असं सगळं उजाळ्याला येतं, आणि काउंटरवर बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "जरा चमकवून द्या हो". आता चमकवून म्हणजे नक्की कसं, हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. कुणाला तोंड दिसेल असं हवं असतं, कुणाला आजीच्या काळात दिसायचं तसं. आणि पॉलिश एकदा झालं की मागे घेता येत नाही, कारण मशीनवर वस्तू लावली की वरचा धातू थोडा तरी जातोच. म्हणून पावतीवर आम्ही शब्द लिहून घेतो. कुठल्या शब्दाला आम्ही काय करतो ते खाली सांगितलंय.

चकचकीत म्हणालात तर आम्ही बफिंग समजतो. सुती कापडाच्या चकत्यांचं चाक मोटरवर फिरत असतं, त्याला पॉलिशची वडी लावायची आणि वस्तू धरायची, आधी जाड वडी मग बारीक, आणि चांदी असेल तर शेवटी ती लाल पावडर, रूज म्हणतात तिला, म्हणजे लोखंडाचं अगदी बारीक ऑक्साइड. ओरखडे इतके बारीक होतात की उजेड विखुरत नाही, सरळ परत येतो, म्हणून तोंड दिसतं. चांदी तर सगळ्या धातूंमध्ये उजेड सगळ्यात जास्त परत पाठवते, त्यामुळे ती अशी केली की लखलखतेच. पण एक आहे, चकचकीत वस्तूवर बोटाचा ठसा आणि बारीकसा चरा लांबून दिसतो. शोकेसमध्ये ठेवायची असेल तर खुशाल करा, रोज घासायच्या ताटाला आम्ही तरी नको म्हणतो.

झळाळी म्हणजे वस्तू उजळते, रंग वर येतो, पण आरसा होत नाही. हे हाताचं काम. चांदीला आम्ही रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश वापरतो, जुने सोनार करायचे तेच. वेळ जास्त लागतो पण धातू जवळजवळ जात नाही.

देवाच्या टाकांना आम्ही फक्त हेच करतो, कितीही आग्रह केलात तरी. टाक म्हणजे पातळ पत्रा, त्यावर आतून ठोकून उठवलेला खंडोबा नाहीतर भवानी. जे सगळ्यात वर उठलेलं असतं तेच चाकाला आधी लागतं, म्हणजे देवाचं नाक, घोड्याचं तोंड, कपाळावरचा मळवट. दर लग्नाला, दर नवरात्राला बफिंग करून आणलेले टाक बघितलेत तर कळेल, घोडा आहे एवढं दिसतं पण घोड्यावर कोण बसलंय ते अंदाजाने ओळखायचं. डोळे सपाट झालेले असतात आणि ते परत आणता येत नाहीत, नवीन टाक घडवणं हाच उपाय. खाचांमध्ये जो थोडा काळेपणा राहतो ना, तो राहू द्या, त्याच्यामुळेच चेहरा उठून दिसतो.

मठारकामाच्या भांड्यांचंही तसंच. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ओळीने ठोके देतात, त्याने पत्रा घट्ट होतो आणि प्रत्येक ठोक्याचा एक छोटा पैलू तयार होतो, भांडं हातात फिरवलं की एकेक पैलू चमकून जातो. ती सगळी गंमत ठोक्यांची आहे, जोरात बफ मारला की ठोक्यांच्या कडा गुळगुळीत होतात आणि बंब कारखान्यातून कालच आल्यासारखा दिसायला लागतो. काहींना तेच आवडतं म्हणा, मग आम्ही करून देतो, पण दोनदा विचारून.

तकाकी मागितलीत तर लॅकर मारायचं का असं आम्ही विचारू. लॅकर म्हणजे पारदर्शक लेप, पितळ तुकतुकीत दिसतं आणि हवा लागत नाही म्हणून लवकर काळंही पडत नाही. दाराची कडी, शोभेची घंटी, फ्लॉवरपॉट याला छान. समईला नको, ज्योतीजवळ लेप करपतो. खाण्यापिण्याच्या भांड्याला तर अजिबातच नाही. आणि लेपाला कुठे चरा गेला की तिथून आत काळ्या रेषा पसरतात, मग सगळा लेप काढून परत मारावा लागतो.

मुलामा वेगळा, त्यात दुसऱ्याच धातूचा पातळ थर असतो. मुलाम्याची वस्तू घासत राहिलात की पितळ उघडं पडतं, म्हणीतलं नाही, खरंखुरं. त्यामुळे "चांदीचंच आहे" असं म्हणून दिलेली वस्तू आम्ही तुमच्यासमोर तपासून घेतो, राग मानू नका. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नावालासुद्धा नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

कल्हईची पांढरी चमक बघून ती पॉलिश वाटते पण तो कथलाचा थर आहे. भांडं तापवून नवसागर टाकायचा, धूर निघतो, मग कथील लावून कापसाने आतून फिरवायचं. ताक, चिंचेची आमटी असं आंबट तांब्या-पितळेत कळकतं, ते कळकू नये म्हणून कल्हई. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. आणि आतून तारेची घासणी नको.

बिदरी काम असेल तर काळं काढून द्या म्हणू नका प्लीज. ते काळं मुद्दाम केलेलं असतं, जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाला बिदरच्या किल्ल्यातली माती लावून, त्यावर चांदीची नक्षी उठून दिसावी म्हणून. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांचंही तेच.

नथ आणलीत तर मोत्यांना आम्ही काही लावत नाही, ओलसर मऊ कापडाने पुसतो एवढंच. मोत्याचं पाणी वरच्या बारीक थरांमुळे असतं आणि ते थर चुनखडीच्या जातीचे, लिंबू-व्हिनेगर लागलं की गेलेच. मोत्याचं उतरलेलं पाणी पॉलिशने परत येत नाही.

आता घरी काय करायचं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळी. म्हणून चांदीला रबरबँड लावू नका, लोकरीच्या कापडात गुंडाळू नका, चांदीच्या चमच्याने अंडं खाऊ नका. ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा जो व्हॉट्सॲपवर फिरणारा उपाय आहे तो खरंच चालतो, गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागेवर राहते. फक्त खाचांमधलं काळंही निघून जातं, म्हणून टाकांना आणि नक्षीकामाला तो करू नका, साध्या वाटी-पेल्याला करा. पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ चालतं पण लावून ठेवून टीव्ही बघत बसू नका, पितळेतलं जस्त आधी सुटतं आणि गुलाबी डाग पडतात. लावा, चोळा, लगेच धुवा आणि कोरडं पुसा, पाण्याचे थेंब राहिले की दुसऱ्या दिवशी तिथेच ठिपके. समईचा चिकटा आधी गरम साबणाच्या पाण्याने काढा, काजळीवर थेट पावडर घासलीत तर हातच काळे होतात.

वस्तू आणताना एकेक वेगळी कापडात गुंडाळून आणा, एकमेकांवर घासून वाटेतच चरे पडतात. समईचे आटे अडकले असतील तर पक्कड लावू नका, तशीच आणा, आम्ही सोडवतो. जुना फोटो असेल तर मोबाईलवर दाखवा, "असं हवंय" म्हणून, त्याने आमचं अर्धं काम होतं. नवरात्र आणि दिवाळीच्या आधी गर्दी असते, हाताचं काम तेव्हा घाईत होत नाही, त्यामुळे टाक पितृपक्ष सुरू व्हायच्या आधीच देऊन टाका, आणि पितृपक्षात द्यायला चालत असेल तर आम्हाला काहीच अडचण नाही, तेव्हा आम्ही मोकळेच असतो.