वितरक आणि हॉबी शॉप : चार-दोन पार्ट मागवताना कुणाकडून काय घ्यावं

कोल्हापुरात बसून इंटरनेटवर एखाद्या सेन्सरचा नंबर टाकला की दोन प्रकारचे विक्रेते समोर येतात. एकीकडे माऊझर, डिजिकी, एलिमेंट१४ हे वितरक. दुसरीकडे पुण्याचं रोबू, त्याच्यासारखी देशभरातली हॉबी शॉप (छंदापोटी सर्किट करणाऱ्यांची दुकानं) आणि ॲमेझॉनवरची असंख्य छोटी दुकानं. नंबर दोन्हीकडे तोच, फोटोही जवळजवळ तोच, भावात मात्र कधी कधी दुपटी-चौपटीचा फरक. डिप्लोमाची, इंजिनिअरिंगची मुलं हा फरक बघतात आणि वितरक म्हणजे महागडं दुकान अशी समजूत करून घेतात. उलट टोकाचीही माणसं आहेत. एकदा नकली आयसीनं हात पोळले की ती साधी हेडर पिनसुद्धा परदेशातून मागवायला लागतात. पैसे दोघांचेही वाया जातात, कारण दोघंही याकडे एकाच मालाचे दोन भाव म्हणून बघतात.

माल एकच नसतो. वितरकाकडे तुम्ही ठरावीक कंपनीनं, ठरावीक नंबराखाली बनवलेला पार्ट घेता; डेटाशीटमधला, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातला, प्रत्येक आकडा त्या पार्टला लागू असतो. हॉबी शॉपमध्ये तुम्ही एक काम विकत घेता : तापमान दाखवणं, मोटर फिरवणं, पाच व्होल्ट देणं. ते काम कुणाच्या चिपनं होतंय हे तिथे बहुतेक वेळा दुय्यम असतं. आपल्या सर्किटमध्ये कुठे नंबरच हवा आणि कुठे नुसतं काम झालं तरी पुरे, एवढं आधी ठरवलं की दुकान निवडायला वेळ लागत नाही.

वितरक म्हणजे बनवणाऱ्या कंपनीशी थेट करार असलेला विक्रेता. डिजिकी १९७२ पासूनची, अमेरिकेतल्या मिनेसोटाची. माऊझर टेक्ससची. कारखान्यातून आलेली, पार्ट चिकटवलेल्या पट्टीची रीळ त्यांच्या गोदामात उघडते आणि तुम्ही एकच नग मागितलात तर पट्टीचा तेवढा तुकडा कापून मिळतो. पिशवीवर पूर्ण नंबर, बनवणारी कंपनी, लॉट, कुठल्या देशात तयार झाला हे सगळं छापलेलं असतं. भाव रुपयांतही दिसतात. एक मात्र बघून घ्या : डिजिकीच्या साइटवर मार्केटप्लेस म्हणून वेगळा विभाग आहे, तिथला माल तिसरे विक्रेते पाठवतात. पार्टच्या पानावर विकणारा कोण हे लिहिलेलं असतं.

हॉबी शॉप चीनमधून मॉड्यूल, म्हणजे चिप बसवलेले तयार छोटे बोर्ड, घाऊक आणतं, भारतात साठा ठेवतं, जीएसटीचं बिल देतं. पुण्याहून निघालेलं पार्सल साधारण दोन-तीन दिवसांत हातात पडतं. मॉड्यूलवरची चिप खरी कुणाची, हे दुकानदारालाही पुष्कळदा सांगता येत नाही, आणि यात त्याचा लबाडपणा असतोच असं नाही. त्यानं शेकड्यानं तयार बोर्ड घेतलेले असतात, चिप निवडलेली असते बोर्ड बनवणाऱ्यानं.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो बॉशच्या बीएमई२८० सेन्सरमध्ये. हा तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता तिन्ही मोजतो. त्याचा स्वस्त भाऊ बीएमपी२८० आर्द्रता मोजतच नाही. बाजारात मात्र ‘बीएमई/बीएमपी २८०’ अशा गोलमाल नावाखाली दुसराच विकला जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात गच्चीवर हवामान केंद्र लावणाऱ्याला आर्द्रताच तर हवी असते. ओळखायला दोन खुणा आहेत. बीएमईची चिप अडीच बाय अडीच मिलिमीटरची, चौकोनी. बीएमपीची दोन बाय अडीचची, आयताकृती. दुसरी खूण पक्की : चिपला तिचा ओळख क्रमांक विचारायचा. हेक्समध्ये ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. हॉबी शॉपमधून हा सेन्सर घ्यायला माझी हरकत नाही, पण आल्या दिवशी हा क्रमांक वाचायचा म्हणजे वाचायचा.

आता आपल्या मातीतलं एक उदाहरण, कारण दुकान निवडण्याचं खरं कसब त्यात दिसतं. गुऱ्हाळासाठी तापमान दाखवणारं यंत्र करावं, असं इथल्या पुष्कळ मुलांच्या डोक्यात येतं. घट्ट ढेपेचा गूळ करायचा तर काहील (पाक उकळायची मोठी कढई) साधारण ११६ ते १२० अंश सेल्सियसला उतरवतात. गुळव्या थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी बघतो आणि ओळखतो. यंत्राला तीच वेळ आकड्यानं सांगायची असते. बहुतेक जण स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० घेतात, कारण तो सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो.

या सेन्सरची नक्कल फार होते. मूळ बनवणारी डॅलस, नंतर मॅक्सिम, आणि २०२१ पासून ॲनालॉग डिव्हायसेस. प्रत्येक नगात आठ बाइटचा क्रमांक असतो. अस्सल नगात तो २८ नं सुरू होतो आणि अखेरच्या तपासणी बाइटच्या आधीचे दोन बाइट शून्य असतात. तिथे दुसरं काही दिसलं तर चिप नक्कल आहे. पण इथे दुकान बदलूनही उपयोग नाही. अस्सल डीएस१८बी२० ची अर्ध्या अंशाची हमी उणे १० ते ८५ अंशांपुरतीच आहे. त्यापुढे १२५ पर्यंत ती दोन अंशांवर जाते. म्हणजे काहील ११८ वर असताना अस्सल सेन्सरही ११६ ते १२० मधलं काहीही दाखवू शकतो, आणि गुऱ्हाळाला हवी असलेली सगळी पट्टी तेवढीच. कुठून घ्यावा याआधी हा पार्ट इथे चालतो का, हे डेटाशीटमध्ये बघावं लागतं. डेटाशीट फुकट असते आणि माल कुठूनही घेतलात तरी ती मूळ कंपनीचीच वाचायची.

या कामाला पीटी१०० प्रोब (तापमानाप्रमाणे रोध बदलणारी प्लॅटिनमची सळई) बरा. क्लास ए दर्जाच्या प्रोबची चूक ११८ अंशांना ०.४ अंशाच्या आत राहते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमुळे थर्मोकपल, पीटी१०० ही या गावात अनोळखी वस्तू नाही, तेव्हा प्रोब हातात घेऊन, लांबी सांगून घ्यावा. तो वाचायला मॅक्स३१८६५ चिपचं मॉड्यूल लागतं आणि ते हॉबी शॉपमध्ये मिळतं. या मॉड्यूलवर ४३० ओहमचा एक संदर्भ रेझिस्टर असतो. सगळं मोजमाप त्या एका रेझिस्टरशी तुलना करून होतं. स्वस्त मॉड्यूलवर तो एक टक्क्याचा असला तर ११८ अंशांना चूक जवळजवळ चार अंशांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे महागाचा प्रोब घेऊनही पाक उतरायची वेळ चुकणार.

म्हणून मी सांगतो, मॉड्यूल हॉबी शॉपचंच घ्या, आणि वितरकाकडून ०.१ टक्क्याचा, तापमानानं फारसा न बदलणारा ४३० ओहमचा रेझिस्टर मागवून त्या जागी बसवा. मॉड्यूलवरचा आकार आधी मोजा, म्हणजे पॅडवर नीट बसेल. अख्खं मॉड्यूल नामांकित कंपनीचं घ्यायची गरज नाही. सर्किटमध्ये ज्या एका पार्टच्या आकड्यावर सगळं उभं आहे, तो पार्ट वितरकाचा. बाकीच्याला नुसतं काम केलं तरी चालतं. उकळत्या पाण्यात यंत्र तपासणार असाल तर लक्षात ठेवा, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून वर आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. शंभर धरून यंत्र लावलंत तर दोन अंशांची चूक आपल्याच हातानं घालाल.

ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांना हे सगळं वेगळ्या वाटेनं कळलेलं आहे. गणपतीच्या आधी साउंडवाल्यांचे ॲम्प दुकानांत येऊन पडतात आणि ‘५२००-१९४३’ची जोडी हातोहात खपते. हे आउटपुट ट्रान्झिस्टर २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅटचे. मूळ तोशिबाचे, ऑनसेमीचेही येतात. नकली जोडीत वरचं प्लास्टिक हुबेहूब असतं, पण आतला सिलिकॉनचा तुकडा लहान. मल्टिमीटरवर ती अस्सलसारखीच दिसते. बेंचवर कमी आवाजात वाजतेही. मिरवणुकीत पूर्ण लोड आला की उडते, आणि उडताना स्पीकरलाही घेऊन जाते. अशा ठिकाणी तपासणीवर भिस्त ठेवून स्वस्तातला माल घेऊ नये, सरळ वितरकाकडून घ्यावा. जिथे पार्ट फक्त पूर्ण ताकदीनं चालवतानाच नापास होतो, तिथे घरची परीक्षा कामाची नाही. पॉवर मॉसफेट (मोठा करंट हाताळणारे ट्रान्झिस्टर), मेनच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, बाजूचे कपॅसिटर, लिथियमचे सेल यांनाही हेच लागू. १८६५० आकाराच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर हातसुद्धा लावू नका. चांगल्या कंपन्यांचे या आकाराचे सेल साधारण साडेतीन हजारांच्या आसपासच असतात.

यावरून चिनी तेवढं नकली असा अर्थ कुणी काढू नये. सीएच३४० ही यूएसबीची चिप नानजिंगच्या कंपनीची स्वतःच्या नावाची, अस्सल चिप आहे. आर्डुइनो या शिकाऊंच्या प्रोग्रामेबल बोर्डचं डिझाइन खुलं असल्यामुळे दुसऱ्या नावानं विकलेला तसाच बोर्ड पूर्ण कायदेशीर आहे. त्यावर आर्डुइनोचं नाव आणि खूण छापली की मग तो खोटा. दुसऱ्याचं नाव लावलेल्या मालाचा त्रास किती होतो, हे ऑक्टोबर २०१४ मध्ये दिसलं. एफटीडीआय कंपनीच्या नव्या विंडोज ड्रायव्हरनं त्यांच्या एफटी२३२ या यूएसबी चिपच्या नकली नगांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला आणि लोकांच्या केबली एकाएकी बंद पडल्या. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. ज्यांच्याकडे सीएच३४० होती त्यांना याची झळही लागली नाही.

वितरकाकडेही फसगत होते, पण ती आपल्या वाचण्यातून होते. तिथे नंबरातलं प्रत्येक अक्षर बोलतं. आर्डुइनोवरचीच एटीमेगा३२८पी घ्या. एटीमेगा३२८पी-पीयू ही ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जुळवायच्या पाटीवर) बसणारी लांब पायांची चिप. शेवटी एयू असेल तर ती बारीक पायांची, पीसीबीवर सोल्डर करायची. मधला ‘पी’ नसेल तर चिपची सही (आत कोरलेला ओळख क्रमांक) वेगळी येते आणि आर्डुइनोचा प्रोग्रामर नेहमीच्या सेटिंगमध्ये तिला ओळखायला नकार देतो. यात दुकानाची काहीच चूक नसते. त्यामुळे पहिल्यांदा मागवताना डाव्या बाजूच्या फिल्टरमध्ये पॅकेज आणि ‘साठ्यात आहे’ हे दोन्ही लावून मगच यादीकडे बघा. पार्टच्या पुढे ‘नव्या डिझाइनसाठी नको’ अशा अर्थाचा शेरा असेल तर पुढच्या वर्षी तो मिळेल या भरवशावर काही बांधू नका.

दुसरी अडचण पोचवण्याच्या खर्चाची. एका रेझिस्टरसाठी कुरिअरचे पैसे भरणं कुणालाच परवडत नाही. ठरावीक रकमेच्या वर हा खर्च माफ होतो, म्हणून कॉलेजच्या ग्रुपनं, क्लबनं महिन्याची एकत्र यादी करावी. आमच्याकडे अशी यादी एका सामायिक शीटमध्ये फिरते. ज्याचा पार्ट त्यानं पूर्ण नंबर स्वतः लिहायचा, नुसतं ‘तापमानाचा सेन्सर’ असं लिहिलेलं घेतलं जात नाही. कस्टम ड्युटी आणि कर किमतीत धरलेत की कुरिअरवाला दारात मागणार, हे पैसे भरण्याच्या पानावर वाचा. परदेशातून येणाऱ्या पार्सलला केवायसी लागतं, आधार किंवा पॅन हाताशी ठेवा, नाहीतर पार्सल तिकडेच अडकून पडतं.

गावातलं पार्टचं दुकान या दोन्हींत बसत नाही. ७८०५, ५५५, बीसी५४७, साधे रेझिस्टर, फ्यूज, वायर, सोल्डर यांसाठी त्याच्यासारखा पर्याय नाही. संध्याकाळी काम अडलं तर रात्रीच्या आत सुटतं. टीव्ही-ॲम्प्लिफायरची दुरुस्ती पाहिलेला जुना दुकानदार ‘हा घेऊ नका, परत येतोय’ असं तोंडावर सांगतो. त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक व्हा. मोठ्या यादीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ आहेच, पण तिथेही हातात पडलेल्या आयसीचा इतिहास कुणी लिहून देत नाही.

पार्सल आल्यावर ते कपाटात ठेवू नका. हॉबी शॉपची परत घेण्याची मुदत दिवसांत मोजली जाते आणि प्रोजेक्ट महिन्यांनी सुरू होतं. पिशवीचा आणि चिपवरच्या छपाईचा फोटो काढा, सेन्सर जोडून ओळख क्रमांक वाचा, व्होल्टेजच्या मॉड्यूलला छापलेल्या करंटच्या निम्मा लोड दहा-पंधरा मिनिटं लावून फार तापतंय का, हात जवळ नेऊन बघा. बिघाड दिसला तर दुकानाला ‘चालत नाही’ एवढंच कळवू नका. वाचलेला क्रमांक आणि फोटो पाठवा. बीएमईच्या जागी बीएमपी आलाय असं आकड्यासकट लिहिलं की चांगलं दुकान वाद न घालता बदलून देतं. वितरकाची छापील पिशवी मात्र पार्ट वापरून झाल्यावरही जपा, कारण पुढच्या वेळी तोच पार्ट मागवताना पूर्ण नंबर तिच्यावरच मिळतो.