एर्मेसची यांत्रिक घड्याळे

घोड्याचा साज बनवण्यापासून सुरुवात केलेल्या पॅरिसच्या एर्मेस या पेढीचा स्वित्झर्लंडमधील घड्याळ-उद्योग. पेढी १८३७ची. घड्याळाशी तिचा संबंध आला तो चामड्यामुळे : १९१२च्या एका छायाचित्रात घराण्यातील जाकलीन एर्मेस हिच्या मनगटावर खिशातले घड्याळ चामडी पट्ट्यात बसवलेले दिसते. १९२८पासून पेढीच्या दुकानात घड्याळे मिळू लागली. आतले यंत्र मात्र स्विस कारखान्यांचे असे.

१९७८मध्ये पेढीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा यांनी स्वित्झर्लंडमधील बील येथे घड्याळांची वेगळी कंपनी काढली. त्याच वर्षी रचनाकार आँरी दोरिन्यी यांनी ‘आर्सो’ हे घड्याळ घडवले. पट्टा अडकवायची त्याची वरची कडी रिकिबीसारखी आहे आणि अंक दौडणाऱ्या घोड्यासारखे कललेले. साजकाराचा हात त्यात स्पष्ट ओळखू येतो.

यंत्राचा प्रश्न पुढे निकडीचा झाला. २००२मध्ये स्वॉच या स्विस घड्याळ-समूहाने आपल्या ‘एटा’ कारखान्यातून इतरांना होणारा यंत्रांचा पुरवठा आटवण्याचे जाहीर केले. २००६मध्ये एर्मेसने फ्लुरिए येथील वोशे या यंत्रनिर्मात्या कारखान्यात सुमारे चौथाई हिस्सा घेतला. तबकडी आणि कवच बनवणारे कारखानेही नंतर घेतले.

नाव झाले ते २०११च्या ‘आर्सो ल ताँ स्युस्पाँद्यू’ (थांबलेली वेळ) या घड्याळामुळे. डावीकडची कळ दाबली की तास व मिनिटकाटा बाराच्या दोन बाजूंना येऊन थांबतात. दोन्ही काट्यांची अशी जुळणी खऱ्या वेळेत कधीच होत नाही. तारखेचा काटा लपतो. आतले यंत्र चालूच असते, म्हणून कळ पुन्हा दाबताच काटे अचूक वेळेवर परततात. कल्पना पेढीची, ती यंत्रात उतरवली जिनिव्हाच्या आजेनोर कार्यशाळेतील जाँ-मार्क व्हीडरेख्त यांनी, आणि या कामगिरीचा निम्मा मान त्यांचा आहे. जिनिव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या स्पर्धेत त्याच वर्षी त्याला पुरुषांच्या घड्याळाचे पारितोषिक मिळाले.

अचूकता आणि गुंतागुंत यांच्या जुन्या चढाओढीत न उतरता वेळेकडे पाहण्याची स्वतःची नजर आणणे, हे या घड्याळांचे खरे वैशिष्ट्य. ‘लर मास्के’त तासकाटा मिनिटकाट्याखाली दडलेला असतो, किल्लीतली कळ दाबून धरावी तेव्हाच दिसतो. २०१७च्या ‘लर अँपासियाँत’मध्ये पुढच्या बारा तासांतली एखादी भेट लावून ठेवता येते. भेटीला तास उरला की छोटा काटा सरकू लागतो आणि ठरल्या क्षणी एकच मंद टोला पडतो.