पाच वर्षांच्या मुलाला बाबागाडी? ऑर्लँडोला निघण्यापूर्वी वाचा

अमेरिकेतल्या ऑर्लँडोची सहल ठरली की आमच्या सहल कंपनीच्या कार्यालयात हा प्रश्न हमखास निघतो, आणि तो जरा आवाज खाली करूनच विचारला जातो. "आमचा पाच वर्षांचा आहे, चालतो छान. तरी डिस्नेत बाबागाडी घ्यावी का? लोक काय म्हणतील?" शेजारी आजोबा बसलेले असले तर त्यांचं उत्तर आधीच तयार असतं: "एवढा घोडा झालाय, गाडीत कसला बसवतेस!"

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मूल चार ते सहा वर्षांचं असेल तर ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या थीम पार्कांच्या आवारात बाबागाडी घ्या, मनात काहीही न आणता घ्या. सातव्या वर्षी मुलाचं वजन आणि त्याची चालण्याची सवय पाहून ठरवा. आठ वर्षांपुढच्या मुलासाठी घेऊ नका. त्याच्यासाठी दिवसाचा आराखडा बदलायला हवा, आणि तो आम्ही बदलून देतो. विशेष गरजा असलेल्या मुलांना ही वयाची मोजपट्टी लागू नाही. त्यांच्याविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे.

चालायचं किती असतं

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी सुरू झालं. त्याचं आवार साधारण 100 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहरापेक्षा मोठं. त्यात चार स्वतंत्र पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. एका पार्कातून दुसऱ्यात जायचं तर बस, मोनोरेल, होडी किंवा केबलकार लागते. मोटार भाड्याने घेऊन मॅजिक किंगडमला गेलात तर पार्किंगपासून पार्क तळ्याच्या पलीकडे आहे. आधी मोनोरेलचं किंवा फेरीबोटीचं स्थानक गाठायचं, मग पलीकडे उतरायचं, आणि चालण्याचा खरा दिवस त्यानंतर सुरू होतो.

एपकॉटमध्ये एका मोठ्या तळ्याभोवती 11 देशांची दालनं मांडली आहेत. त्या तळ्याची एक फेरी जवळपास दोन किलोमीटरची होते, आणि प्रवेशद्वारापासून तळ्यापर्यंतचं अंतर त्यात धरलेलं नाही. सकाळी आत शिरून रात्रीची आतषबाजी पाहून बाहेर पडणारं कुटुंब दिवसात 10 ते 15 किलोमीटर सहज चालतं. मोठ्या माणसाचं पाऊल साधारण 70 सेंटिमीटरचं पडतं, पाच वर्षांच्या मुलाचं त्याच्या दोन-तृतीयांशाहून कमी. तुमच्या बरोबरीने चालायचं तर त्याला दीडपटीहून जास्त पावलं टाकावी लागतात. रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक फुग्यामागे तो धावतो ते वेगळंच.

आपल्याकडून जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. आपण बहुतेक एप्रिल-मेच्या सुट्टीत जातो. त्या दिवसांत ऑर्लँडोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. डिसेंबरात गेलात तर हा फरक साडेदहा तासांचा होतो. पहिले तीन-चार दिवस मुलाचं शरीर पुण्या-मुंबईच्याच वेळेवर चालतं. भर दुपारी रांगेच्या तोंडाशी ते रडायला लागतं, पाय टेकायलाही तयार होत नाही, तेव्हा तो हट्टीपणा नसतो. त्याची मध्यरात्र झालेली असते. अमेरिकेतल्याच एखाद्या गावाहून आलेलं त्याच वयाचं मूल त्या वेळी उड्या मारत असेल. त्याच्याशी आपल्या मुलाची तुलना करू नका.

"सवय लागेल ना?"

ही शंका खरी आहे आणि आम्ही ती उडवून लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की मुलाला बाबागाडीत किंवा तशा आसनात एका वेळी एक तासापेक्षा जास्त जखडून ठेवू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी असंही त्यांत आहे. थीम पार्कात गाडी असूनही हे तीन तास आरामात भरतात, कारण रांगेत उभं राहणं, राइडपर्यंत चालणं, जिने चढणं, पाण्याच्या कारंज्यात खेळणं हे सगळं पायांवरच होतं. आठवडाभर दुपारी गाडीत बसलं म्हणून घरी आल्यावर कोणी चालायचं विसरत नाही.

आम्हाला काळजी वाटते ती वेगळीच. गाडी आहे म्हणून आईवडील दिवस लांबवत नेतात. सकाळी आठला निघालेलं कुटुंब रात्री अकराला परततं, आणि मूल गाडीत अर्धवट झोपेत, भुकेलं, घामाने चिंब असतं. "झोपलाय ना, मग चला आणखी दोन राइड करू" हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण बसून मिळालेली झोप ही अंथरुणातली झोप नव्हे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाच्या 24 तासांत 10 ते 13 तास झोप लागते. म्हणून आमच्या आराखड्यात पहिले दोन दिवस दुपारी हॉटेलवर परतण्यासाठी मोकळे ठेवलेले असतात. पैसे भरले आहेत म्हणून कृपा करून त्या वेळेत काही घुसवू नका.

घरातून निघतानाच मुलाशी ठरवून घ्या: सकाळी आपण चालायचं, जेवणानंतर तू गाडीत बसायचं, संध्याकाळी वाटलं तर पुन्हा चालायचं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे कळतं आणि तो ते पाळतो. सकाळी गाडी रिकामी ढकलावी लागली तरी चालेल. तिच्यात रेनकोट, पाण्याच्या बाटल्या आणि खाऊ राहील. काचेच्या बाटल्या सोडल्या तर घरचा कोरडा खाऊ तिथे आत नेता येतो.

माळ्यावरची जुनी गाडी उतरवण्याआधी

मूल दोन वर्षांचं असताना घेतलेली घडीची गाडी पुष्कळांच्या घरी माळ्यावर असते. "तीच नेऊ" असं ठरवण्याआधी तिच्यावरची वजनाची मर्यादा वाचा. अशा हलक्या गाड्या बहुतेक 15 किलोपर्यंतच्या असतात. पाच वर्षांचं मूल साधारण 18 किलोचं असतं, सहाव्या वर्षी 20च्या आसपास जातं. जास्त वजनाने गाडीचा सांगाडा वाकतो, चाक निखळतं, ब्रेक लागत नाही. पार्कातले उतार फार मोठे नसले तरी गर्दीत ब्रेक न लागणारी गाडी धोक्याचीच. मोठ्या मुलासाठी 22 किलोपर्यंत चालणारी गाडी मिळते, तीच घ्या. पट्टा खांद्यावर घट्ट बसतो का, पाय जमिनीवर घासत नाहीत ना, हे घरीच बसवून पाहा. मूल 22 किलोच्या वर असेल तर सहा वर्षांचं असलं तरी गाडीचा विचार सोडून द्या आणि आम्हाला सांगा.

आता भाड्याच्या गाडीविषयी. डिस्नेच्या प्रत्येक पार्कात प्रवेशद्वाराजवळ एक मुलाची आणि दोन मुलांची अशा दोन्ही गाड्या भाड्याने मिळतात. एकेरी गाडी 50 पौंड, म्हणजे 22 किलोंपर्यंतच्या मुलासाठी सुचवली जाते. गाडी कडक प्लॅस्टिकची असते, तिची पाठ मागे झुकत नाही, त्यामुळे झोपलेल्या मुलाची मान एका बाजूला कलते. मुख्य अडचण मात्र पुढेच आहे: ही गाडी पार्काच्या दाराबाहेर नेता येत नाही. आतषबाजी संपल्यावर हजारो लोक एकाच वेळी बाहेर पडतात, मूल गाढ झोपलेलं असतं, आणि नेमकी तिथेच गाडी परत करून 18 किलोचं मूल खांद्यावर घेऊन बसपर्यंत चालावं लागतं. म्हणून रात्री उशिरापर्यंत थांबणार असाल तर स्वतःची गाडी न्या किंवा ऑर्लँडोतल्या बाहेरच्या दुकानाकडून पूर्ण मुक्कामासाठी भाड्याने घ्या. दुपारीच परतणार असाल तर पार्कातली गाडी पुरेशी आहे.

स्वतःची किंवा बाहेरची गाडी घेताना मापं पाहा. डिस्नेने 1 मे 2019 पासून 31 इंच (79 सें.मी.) रुंदी आणि 52 इंच (132 सें.मी.) लांबी यापेक्षा मोठी गाडी बंद केली आहे. दोन मुलांना समोरासमोर बसवून ओढून न्यायच्या चारचाकी वॅगन तर मापात बसत असल्या तरी चालत नाहीत. अमेरिकेतले नातेवाईक प्रेमाने "आमची वॅगन घेऊन जा" म्हणतील. ती दारावर अडवली जाईल, तेव्हा घेऊ नका.

तिथे गेल्यावर

डिस्नेच्या बसमध्ये चढण्यापूर्वी गाडी घडी करावी लागते. मोनोरेलमध्ये आणि मॅजिक किंगडमच्या मोठ्या फेरीबोटीत मात्र ती उघडीच ढकलत नेता येते, त्यामुळे झोपलेल्या मुलाला उठवावं लागत नाही. एका हाताने घडी होते का हे विकत घेताना दुकानात करून पाहा, कारण दुसऱ्या हातात मूल असणार.

रांगेत आणि राइडवर गाडी नेत नाहीत. ती राइडजवळच्या गाडीतळावर लावायची. कर्मचारी जागा करण्यासाठी गाड्या हलवतात आणि ओळीत लावतात, त्यामुळे परतल्यावर ती जिथे ठेवली होती तिथे दिसली नाही तर घाबरू नका, आधी त्याच तळावर आजूबाजूला पाहा. दांड्याला एखादी भडक रंगाची रिबन किंवा घरातली जुनी काठाची पट्टी बांधलीत तर शेकडो सारख्या गाड्यांतून आपली लगेच सापडते. पासपोर्ट, पैसे, कॅमेरा गाडीत कधीही ठेवू नका. जड पिशवी दांड्याला अडकवू नका. मूल उतरलं की गाडी मागे उलटते, आणि मूल अर्धवट उतरत असताना उलटली तर त्याचं डोकं आपटतं.

उन्हाविषयी कळकळीने सांगतो. ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा शाल टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. ती तिथे करू नका. मे महिन्यात ऑर्लँडोत 31-32 अंश तापमान असतं आणि हवा मुंबईसारखी दमट असते. झाकलेल्या गाडीत वारा खेळत नाही, आतली हवा तापत जाते, आणि झोपलेलं मूल तक्रारही करू शकत नाही. गाडीची स्वतःची छत्री उघडा, मुलाला टोपी घाला, सावलीत थांबा. जून ते सप्टेंबर दुपारी वीज आणि पाऊस जवळजवळ रोजचा असतो, तेव्हा पारदर्शक पावसाळी आवरण सोबत हवं, आणि पाऊस थांबला की ते लगेच काढायला हवं.

गाडीमुळे आईवडिलांना एक फायदा होतो, तो पुष्कळांना माहीत नसतो. उंचीची अट असलेल्या राइडवर, उदाहरणार्थ 112 सें.मी. उंची लागणाऱ्या स्पेस माउंटनवर, मूल चढू शकत नसेल तर 'रायडर स्विच' मागा. आधी एकजण राइड करतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग अदलाबदल होते आणि दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. मूल त्या वेळी गाडीत झोपलेलं असेल तर त्याच्याजवळ थांबणाऱ्यालाही विसावा मिळतो.

विशेष गरजा असलेली मुलं

सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा अशक्तपणा, हृदयाचा आजार, स्वमग्नता अशा कारणांनी मोठ्या मुलालाही गाडी लागू शकते. डिस्नेच्या 'गेस्ट रिलेशन्स' खिडकीवर गरज सांगितली की गाडीला व्हीलचेअर समजण्याची खूणचिठ्ठी मिळते. ती लावलेली गाडी, व्हीलचेअर जिथे नेता येते त्या रांगांमधूनही नेता येते. नोंदणीच्या वेळीच आम्हाला सांगितलंत तर पहिल्या सकाळी आमचा माणूस तुमच्यासोबत त्या खिडकीवर येईल.

आमच्या गटातल्या इतर सर्व प्रवाशांना एक विनंती आहे. गाडीत बसलेलं नऊ-दहा वर्षांचं मूल दिसलं तर "बाळ आहेस का तू?" असं थट्टेतही म्हणू नका. त्या कुटुंबाने हे वाक्य आयुष्यभर ऐकलेलं असतं. सहलीत तरी त्यांना त्यातून सुटका मिळावी, हा आमचा आग्रह आहे.

दुसऱ्या पार्कांना जाताना

युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर फक्त 20 हेक्टरांत आहे. तिथे वेळेचा फरकही अडीच तासांचाच असतो, त्यामुळे पाच वर्षांचं मूल पायी पुरं पडतं. डिस्नेलँड पॅरिसचे दोन्ही पार्क एकमेकांना लागून आहेत आणि रेल्वे स्थानक दाराशी आहे. तिथे चार वर्षांपर्यंत गाडी घ्या, पुढे गरज कमी. खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाताना पाच वर्षांच्या मुलासाठी गाडी नेण्याचं काही कारण नाही.

नोंदणी करताना आम्हाला काय हवं

मुलाचं आजचं वजन आणि चप्पल न घालता मोजलेली उंची. दुपारी झोपतं का. स्वतःची गाडी नेणार की तिथे भाड्याने हवी. सोबत येणाऱ्या आजी-आजोबांना व्हीलचेअर लागणार असेल तर तेही, कारण एकाच माणसाला गाडी आणि व्हीलचेअर दोन्ही ढकलता येत नाहीत आणि अशा कुटुंबाला आम्ही मदतीचा माणूस वेगळा देतो. भाड्याची गाडी हवी असल्यास निघण्यापूर्वी दोन आठवडे कळवा. त्या वेळचा दर विचारून आम्ही तुम्हाला लेखी देऊ आणि तुमची संमती आल्यावरच गाडी राखून ठेवू.