हांगुलचं युनिकोड एन्कोडिंग

कोरियन लिपीला हांगुल म्हणतात. तिच्यात सुरुवातीचं व्यंजन, मग स्वर आणि असलंच तर तळाला आणखी एक व्यंजन असं सगळं एका चौकोनात बसवून अक्षर होतं. या सुट्या भागांना जामो म्हणतात. आता कॉम्प्युटरसाठी कोड नंबर द्यायचा तो जामोला की अख्ख्या चौकोनाला, इथे खरी गोची आहे, आणि युनिकोडने (जगभरातल्या लिप्यांच्या अक्षरांना असे नंबर देणारं स्टँडर्ड) दोन्हींना देऊन टाकलाय.

पहिली व्यंजनं १९, स्वर २१, शेवटची २७ आणि 'शेवटी काहीच नाही' हा एक पर्याय धरून २८, गुणाकार केला की ११,१७२ अक्षरं होतात आणि ती ४४०३२ पासून ओळीने लावलीत. त्यामुळे टेबल लागतच नाही, नुसतं गणित. 'हान' घ्या. मोजणी शून्यापासून, म्हणून ह चा नंबर १८, आ चा ०, शेवटच्या न चा ४. १८ गुणिले ५८८ (म्हणजे २१ × २८), त्यात स्वराचे ० गुणिले २८ म्हणजे शून्यच, आणि ४ मिळवले की १०५८८, त्यात ४४०३२ टाकले की ५४६२०. झालं, हाच 'हान'चा कोड. उलटं भागत गेलं की जामो परत हातात.

आधी मात्र एवढं सरळ नव्हतं. १९८७ च्या कोरियन स्टँडर्डमध्ये नेहमीच्या वापरातली २,३५० अक्षरंच घेतली होती, मग तोम याम या थाई सूपचं कोरियन नाव लिहायला जे 'त्तोम' लागतं तेच नाही! जोहाप नावाची दुसरी पद्धत होती, प्रत्येक भागाला ५ बिट, त्यात सगळं बसायचं. युनिकोडच्याही सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये ६,६५६ च अक्षरं होती, १९९६ ला २.० आलं तेव्हा ती उचलून नव्या जागी नेली आणि जुना डेटा बोंबलला. कोड एकदा दिला की हलवायचा नाही हा नियम त्यानंतरचा.

देवनागरीत तयार जोडाक्षरांना कोडच नाहीत, 'स्त्री' म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी असे सहा कोड. हांगुलमध्ये दोन्ही चालतं म्हणून भानगड होते: तयार 'हान' यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे कोड बाइटमध्ये साठवायची पद्धत) ३ बाइट, जामोंनी लिहिलेला ९ बाइट, दिसायला सेम पण सर्चमध्ये जुळेलच असं नाही. मॅकवरच्या फाइलचं नाव विंडोजवर ह, आ, न असं सुटं होऊन दिसतं ते यामुळेच, नॉर्मलाइज केलं, म्हणजे दोन्ही एकाच रूपात आणलं, की परत जुळतं. जुन्या कोरियनमधली जी अक्षरं त्या ११,१७२ मध्ये नाहीत ती मात्र जामो जोडूनच लिहावी लागतात, आणि फॉन्ट धड नसेल तर सुटी सुटी पसरतात.