टेकू वेगळा, दुरुस्ती वेगळी
तीन-चार दिवस झड लागली की जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या गावठाणात एखाद्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची भिंत फुगतेच. गवंडी येतो, टेकू म्हणून दोन लाकडी बल्ल्या लावतो, भेगेत सिमेंट भरतो. घर दुरुस्त झालं असं धरून माणसं रात्री त्याच खोलीत झोपतात. ही चूक जीव घेते, म्हणून टेकू लावणं आणि दुरुस्ती ही दोन कामं वेगळी करून सांगतो.

तातडीचं काम म्हणजे पडणारं थोपवणं, एवढंच. आधी माणसं आणि गुरं बाहेर काढायची. गळती थांबावी म्हणून आपल्याकडे धाब्यावर आणखी खारी माती टाकतात. ती भिजून जड होते आणि ते वजन खचलेल्या भिंतीवरच येतं. या घडीला माती नको, ताडपत्री टाका. टेकू सराखाली, म्हणजे छत पेलणाऱ्या तुळईखाली लावा. ओल्या काळ्या मातीवर नुसती बल्ली रुतते, म्हणून खाली जाड फळी ठेवून पाचर ठोका. घर दुमजली असेल तर वरच्या टेकूच्या बरोबर खाली तळमजल्यातही टेकू हवा, नाहीतर सगळा भार मधल्या पाटणीवर, म्हणजे लाकडी मजल्यावर येतो. फुगलेल्या भिंतीला बाहेरून तिरपा टेकू लागतो.

कायमची दुरुस्ती सुरू होते ती कारण शोधण्यापासून. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलवते. तीच भेग दरवर्षी उघडत असेल तर दोष पायाखाली आहे, गिलाव्यात नाही. आयएस १३९३५ हे भारतीय मानक तर बुजवाबुजवी, मूळ ताकद परत आणणं आणि ताकद वाढवणं ही तीन वेगळी कामं मानतं. गिलाव्याने भेग झाकली जाते, ताकद परत येत नाही. उलट ती भेग रुंदावतेय का, हे दिसेनासं होतं.

परवानगीतही फरक आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यात आतल्या डागडुजीला आणि प्राधिकरणाच्या आदेशाने केलेल्या कामाला वेगळी विकास परवानगी लागत नाही. भिंत पाडून नवी उभारायची किंवा मजला चढवायचा, तर ती घ्यावीच लागते. जळगाव आणि धुळे महापालिकांत धोकादायक इमारतीची नोटीस १९४९ च्या महानगरपालिका कायद्याच्या कलम २६४ खाली निघते. अमळनेर, चोपडा, शिरपूरसारख्या नगरपालिकांना १९६५ चा नगरपरिषद कायदा लागू आहे. नोटिशीत लिहिलेलं काम तेवढंच करा. टेकू लावायला सांगितलंय म्हणून त्या आडून नवी खोली बांधता येत नाही.

तलाठ्याच्या पंचनाम्याबद्दलही असाच गोंधळ होतो. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. २०२२ ते २०२६ च्या आपत्ती मदतीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये ठरले होते. घर राहण्याजोगं आहे का, हे त्या कागदावरून कळत नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहूनच सांगायचं. भेगा बुजवण्याआधी तारखेसह फोटो जरूर काढा, पण बाहेरून. फोटोसाठी त्या छताखाली जाऊ नका.