धुकं की धुरकं? रविवारी सायकल काढण्याआधी

डिसेंबरातला रविवार, पहाटेचे साडेपाच. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या इमारतीचे वरचे मजले दिसत नव्हते. मी लगेच ग्रुपवर टाकलं, ‘मस्त धुकं पडलंय, लवकर निघा.’ चौदा जण आले. कोथरूडहून खडकवासल्याकडे निघालो आणि वारजे यायच्या आतच आमच्यातल्या सर्वांत उत्साही काकांना खोकल्याची उबळ आली. ती काही थांबेना. त्यांना दम्याचा जुना त्रास, आणि इनहेलर नेमका घरी राहिलेला. रिक्षा करून त्यांना घरी सोडलं, दुपारपर्यंत ते सावरले. माझ्या मात्र दिवसभर एकच गोष्ट डोक्यात होती. तासभर सायकल चालवूनही माझा चष्मा कोरडा ठणठणीत होता. धुकं असतं तर तो चार वेळा पुसावा लागला असता. मी ज्याला धुकं म्हणून सगळ्यांना घराबाहेर काढलं, ते धुरकं होतं.

तेव्हापासून हा फरक मी मनावर घेतला आहे. रविवारी मजेत पंचवीस-तीस किलोमीटर जाणाऱ्या आमच्यासारख्या ग्रुपला तो कळायलाच हवा असं मला वाटतं, कारण दोन्हींत करायच्या गोष्टी जवळजवळ उलट्या आहेत.

धुकं म्हणजे पाणी. रात्री आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला आणि हवेत पुरेसा ओलावा असला, की जमीन भराभर थंड होते, तिला लागून असलेली हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे वाफेचं पाणी होऊ लागेल इतकी, गार होते आणि वाफेचे बारीक थेंब हवेतच तरंगू लागतात. हे थेंब सहसा दहा-वीस मायक्रोमीटरचे असतात. एक किलोमीटरच्या आतलंच दिसू लागलं की हवामानशास्त्र त्याला धुकं म्हणतं. स्वच्छ हवेतलं धुकं श्वासात गेलं तरी ते पाणीच आहे. त्याचा धोका डोळ्यांना आहे. म्हणजे तुम्हाला ट्रक दिसत नाही आणि ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही.

धुरकं म्हणजे धूर, काजळी, धूळ आणि वायू यांचं कोंडलेलं मिश्रण. गाड्यांचा धूर, कडेला जाळलेला पालापाचोळा आणि कचरा, रात्रभर पेटवलेल्या शेकोट्या, बांधकामाची धूळ, सगळं त्यात येतं. यातले सर्वांत त्रासदायक कण म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान. माणसाचा केस साधारण पन्नास-सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. धुक्याचा थेंब नाकात-घशात अडकतो, हा कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो.

शब्दातच गोंधळ आहे हेही खरं. धूर आणि धुकं मिळून धुरकं, जसा लंडनमध्ये १९०५ साली एका डॉक्टरांनी ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ मिळून ‘स्मॉग’ हा शब्द लोकांपुढे मांडला. तिथे तेव्हा खरोखरच दोन्ही एकत्र असायचं. १९५२च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस ते बसून राहिलं. लोकांना धुक्याची सवय, त्यामुळे सुरुवातीला कुणाला फारसं वावगं वाटलं नाही. तेव्हाच्या सरकारी हिशेबात सुमारे चार हजार माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. पुण्यातलं धुरकं अनेकदा पूर्ण कोरडं असतं, नावात धुकं असलं तरी पाण्याचा थेंबही नसतो. माझी फसगत तिथेच झाली.

मग ओळखायचं कसं? सर्वांत सोपी खूण ओलाव्याची. धुक्यात पापण्यांवर, हातांच्या लवेवर, हँडलबारवर बारीक मोती जमतात, उभ्या गाड्यांच्या काचा ओल्या असतात. धुरक्यात काहीच ओलं होत नाही. घसा खवखवतो, जिभेवर जळकट चव येते, डोळे चुरचुरतात. रंगही पाहा. धुकं पांढरं किंवा राखाडी, दुधासारखं. धुरक्याला पिवळट-तपकिरी छटा असते, कारण काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात. पहाटेच्या अंधारात रंग कळत नाही, तेव्हा फोनवर आर्द्रता बघा. तापमान आणि दवबिंदू एकमेकांना चिकटलेले, आर्द्रता शंभरच्या जवळ, तर धुक्याची शक्यता. आर्द्रता साठ-सत्तर टक्के आणि तरी समोरची टेकडी दिसत नाही, तर ते धुकं नव्हे.

जागाही बरंच सांगते. धुकं नदीकाठ, धरणाचा काठ, उसाची शेतं धरून बसतं. खडकवासल्याच्या पाण्यावर ते पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं आणि दोनशे मीटर चढून गेलं की संपतंही. धुरकं चौक आणि हमरस्ते धरून राहतं. (पावसाळ्यात सिंहगडावर किंवा ताम्हिणीत जे अंगावर येतं ते बहुतेक वेळा ढगच असतो, त्याची इथे काळजी नको.)

हिवाळ्यातल्या सकाळी सिंहगडाच्या घाटात थोडं चढून मागे वळून बघा. तिथून दोन्हींतला फरक जितका स्वच्छ दिसतो तितका मला कुठेच दिसलेला नाही. धुकं असेल तर खाली कापसाचा समुद्र आणि त्यातून टेकड्यांची डोकी वर आलेली. धुरकं असेल तर शहरावर एक मळकट तपकिरी पट्टा, आणि त्याची वरची कड जणू पट्टी लावून आखलेली. ती कड म्हणजे हवेचं झाकण. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते आणि वर जाते, तिच्याबरोबर धूरही वर जाऊन विरतो. हिवाळ्याच्या रात्री खालची हवा गार आणि वरची उबदार, असं उलटं होतं. गार हवा जड, ती वर जात नाही. पातेल्यावर ताट झाकल्यासारखं. त्यात पुणं टेकड्यांच्या मध्ये बशीसारखं वसलेलं, त्यामुळे बाजूनेही फारशी वाट नाही.

आता ज्या समजुतीने मी स्वतः वर्षानुवर्षं पाच वाजता उठत आले, तिच्याबद्दल. ‘पहाटेची हवा सर्वांत शुद्ध.’ उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हे चालून जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे शहरात बहुधा खोटं ठरतं. पहाटे ते झाकण सर्वांत घट्ट बसलेलं असतं आणि रात्रभराचा धूर त्याखाली साठलेला असतो. रहदारी नसल्यामुळे आपल्याला शुद्ध वाटतं, एवढंच. ऊन चढून जमीन तापली की हवा वरखाली हलू लागते आणि दहा-अकराच्या सुमारास श्वास घेण्याजोगं होतं. धुकंही उन्हानेच जातं, पण ते बऱ्याचदा लवकर, आठ-नऊपर्यंत विरून जातं. धुरक्याला जास्त वेळ लागतो, कधी दिवसभर पातळसर राहतं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतरची पाडव्याची पहाट हा मुहूर्त अनेक ग्रुप राइडसाठी धरतात. नवे कपडे, नवी सायकल, सगळं समजतं मला. पण आदल्या रात्रीचे फटाके तेव्हाही हवेत असतात. आम्ही तो कार्यक्रम पाडव्याच्या दुपारी किंवा भाऊबीजेनंतर ठेवतो.

आकडे बघूनही चूक होऊ शकते. पुण्यात आकडे मिळण्याची सोय जुनी आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘सफर’ ही हवेची गुणवत्ता मोजणारी यंत्रणा २०१० मध्ये राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत सुरू केली आणि २०१३ मध्ये ती पुण्यात आली. देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून आहे. पण त्यात कणांचा हिशेब चोवीस तासांच्या सरासरीवर होतो. म्हणजे पहाटे साडेपाचला दिसणारा निर्देशांक बराचसा कालच्या दिवसाचा असतो. निघण्याआधी त्या तासाचा पीएम २.५ चा आकडा पाहावा. शिवाय परदेशी अॅप वेगळी मोजपट्टी लावतात. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्याकडे निर्देशांक १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’ची शेवटची पायरी. तोच आकडा अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या पुढे जातो आणि लाल दिसतो. ग्रुपमध्ये ‘माझ्याकडे हिरवं, तुझ्याकडे लाल कसं’ हा वाद होतो तो यामुळे. सगळ्यांनी एकच अॅप धरा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची चोवीस तासांची शिफारस १५ मायक्रोग्रॅमची आहे, आपली मर्यादा ६०. त्यामुळे आपल्याकडचं ‘समाधानकारक’ वाचून निश्चिंत होऊ नये.

आणि यंत्रंही धुक्या-धुरक्यात फसतात! आमच्यातल्या एकाने हातात मावणारा मीटर घेतला आहे. असे स्वस्त मीटर प्रकाशाच्या किरणाने कण मोजतात, आणि धुक्याचे थेंबही त्यांना कणच वाटतात. नदीकाठच्या स्वच्छ धुक्यात त्याने एकदा भयंकर आकडा दाखवला आणि अर्धे लोक परत फिरायला निघाले. सरकारी केंद्रांवरची चांगली यंत्रं आत घेतलेली हवा आधी गरम करून कोरडी करतात, म्हणून आर्द्रता जास्त असेल तेव्हा त्यांच्यावरच भरवसा ठेवा.

रस्त्यावर काय करायचं, ते आता. धुकं असेल तर दिसणं आणि दिसवणं हेच काम. मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. एकामागे एक, पण चाकाला चाक लावून नको. रिम आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असतात, ब्रेक उशिरा लागतो. लीड करणाऱ्याने खड्डा, वळण, थांबणं मोठ्याने ओरडून सांगायचं. हातवारे दिसत नाहीत. फारच दाट असेल तर हायवेच्या कडेला उभं राहू नये, आत एखाद्या टपरीवर चहा घेत तासभर थांबावं. धुक्यात वाट बघितली की बहुतेक वेळा फळ मिळतं.

धुरक्यात दिव्यांनी काही होत नाही. तिथे प्रश्न किती हवा आत घेतोय याचा. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, बऱ्यापैकी जोर लावून सायकल चालवताना ती तीस-चाळीसवर जाते, आणि चढावर तोंड उघडलं की नाकाची गाळणीही बाजूला पडते. म्हणून पेस कमी करा. गप्पा मारत, नाकाने श्वास घेत जमेल इतकीच. हमरस्ता सोडून शंभर-दोनशे मीटर आतला रस्ता घेतला तरी फरक पडतो. टेम्पोच्या मागे ड्राफ्टिंग करणारी, म्हणजे वारा टाळायला त्याला चिकटून जाणारी तरुण मंडळी दिसली की माझा जीव तुटतो. तोंडाला रुमाल बांधून हे कण थांबत नाहीत. नीट बसलेला एन ९५ मास्क कण अडवतो, वायू नाही, आणि तो लावून सिंहगडाचा चढ चढणं मी कुणाला सांगणार नाही.

मग सायकल सोडूनच द्यायची का? तसं नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१६चा एक अभ्यास मला धीर देतो. जगातल्या बहुतेक शहरांच्या हवेत सायकल चालवण्याचा फायदा प्रदूषणाच्या तोट्याहून मोठा ठरतो, असा त्यांचा हिशेब आहे. पीएम २.५ शंभर मायक्रोग्रॅम असेल तर रोज दीड तासानंतर तोटा वरचढ होऊ लागतो. हा हिशेब कायम, रोज चालवणाऱ्यांचा आणि सरासरी माणसाचा आहे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तो आपल्याला लावून घेऊ नये.

खरी अडचण येते दोन्ही एकत्र असतात तेव्हा. शांत, निरभ्र, गार रात्र धुक्यालाही लागते आणि धूर कोंडायलाही, म्हणून ती कधीकधी जोडीनेही येतात. त्यात हवेत कण जास्त असले की पाणी त्यांच्यावर जमून पुष्कळ, पण लहान लहान थेंब होतात आणि असं धुकं जास्त दाट होतं, उशिरा विरतं. चष्मा ओला आणि घसाही खवखवतोय, तर ती सकाळ धुरक्याची धरा. थेंब दिसतात म्हणून मनाची समजूत घालू नका.

आमचा ग्रुप आता डिसेंबर-जानेवारीत साडेनवाला निघतो. उन्हं येतात, रहदारी थोडी जास्त लागते, म्हणून वारज्याच्या आधीच आतल्या रस्त्याला वळतो. काका येतात. त्यांचं एक इनहेलर त्यांच्या खिशात आणि दुसरं स्वीप करणाऱ्याच्या, म्हणजे सर्वांत मागे राहणाऱ्याच्या, बॅगेत असतं. खडकवासल्याला पोचेपर्यंत भजीची पहिली कढई उतरलेली असते.