अंकुशकृमी शरीरात शिरतो कुठून?

इटलीतील मिलान येथे १८३८ साली अँजेलो दुबिनी हे डॉक्टर एका शेतकरी स्त्रीचे शवविच्छेदन करत असताना त्यांना तिच्या लहान आतड्यात सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, तोवर कोणी न वर्णिलेला जंत आढळला. हाच अंकुशकृमी (हुकवर्म). त्याचे सविस्तर वर्णन त्यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र तो किती घातक आहे हे उमगायला स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड रेल्वे बोगद्याचे काम निघावे लागले. १८७२ पासून दहा वर्षे चाललेल्या या कामात मजूर उष्ण, दमट अंधारात राबत आणि तिथेच शौचाला बसत. रक्तक्षयाने खंगलेल्या या मजुरांच्या विष्ठेत जंताची अंडी सापडली आणि १८८० मध्ये तूरिनच्या एदोआर्दो पेरोंचितो यांनी या आजाराचे मूळ अंकुशकृमीत असल्याचे दाखवले.

तरीही जंत म्हटले की तो दूषित अन्नपाण्यातूनच पोटात जाणार, ही समजूत कायम होती. कैरोमध्ये काम करणारे जर्मन संशोधक आर्थर लूस प्राण्यांना अंकुशकृमीच्या अळ्या असलेले पाणी पाजत असताना थोडे पाणी त्यांच्या हातावर सांडले आणि त्या जागी आग होऊन खाज सुटली. एरवी कोणीही हात धुऊन ही गोष्ट विसरून गेले असते. लूस यांनी मात्र मुद्दाम दुसरा थेंब हातावर ठेवून काही मिनिटांनी तपासला, तेव्हा त्यात बहुतेक अळ्यांच्या रिकाम्या काती तेवढ्या उरल्या होत्या; म्हणजे अळ्या कातडीतून आत शिरल्या होत्या. पुढे त्यांच्या स्वतःच्या विष्ठेतही अंडी दिसू लागली.

१८९८ मध्ये त्यांनी मांडलेला हा शोध पुढील संशोधनाने पूर्ण झाला. विष्ठेतील अंडी ओलसर, सावलीतल्या मातीत एकदोन दिवसांत फुटतात, आठवडाभरात अळ्या संसर्गक्षम होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. रक्तावाटे हृदयातून फुप्फुसांत, तेथून श्वासनलिकेतून वर घशाशी येऊन त्या गिळल्या जातात आणि लहान आतड्यात पोहोचून प्रौढ होतात. आतड्याच्या अस्तराला चिकटलेला एकेक जंत रोज किंचितच रक्त पितो, पण त्यांची संख्या शेकड्यांत गेली की मुलांचे आणि गरोदर स्त्रियांचे रक्त झपाट्याने घटते.

भारतात २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतात. ही गोळी आतड्यातले जंत मारते, पण मातीतल्या अळ्यांपर्यंत ती पोहोचत नाही. त्यामुळे उघड्यावरचे शौच थांबले नाही आणि पायांत चपला नसल्या तर लागण पुन्हा होते, आणि म्हणूनच अनेक राज्यांत ऑगस्टमध्ये दुसरी फेरी घ्यावी लागते.